बारा पायऱ्या आणि ताईचा पाव

मी कवळ्या करतो. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर दात काढतात, मी बसवतो. हा फरक मी गेली एकतीस वर्षं येईल त्याला समजावतोय, आणि लोक शहाण्यासारखी मान हलवून पुन्हा मला 'डॉक्टर' म्हणतात. जे म्हणत नाहीत ते 'कवळीवाले' म्हणतात. ते मला चालतं.

आमचं शहर खाण्यापायी वेडं आहे. दुसरीकडे म्हणे माणसं कवळी करायला आली की आधी आरसा मागतात. हसताना कसं दिसेल, फोटोत कसं दिसेल. माझ्या खोलीतही आरसा आहे, पण तो खिडकीशेजारी धूळ खात पडलाय. इथे माणूस खुर्चीत टेकतो आणि तोंड उघडून दाखवायच्या आधीच विचारतो, "स्टेशनमागचे खिम्याचे गोळे खाता येतील ना?" एक आजी तर मला स्पष्टच म्हणाल्या होत्या, "हसायचं सोडा हो. हसायला हिरड्या पुरतात. मला कणीस खायचंय."

आता नवी कवळी घातली आणि लगेच कणीस हातात घेतलं, असं होत नाही. पहिले काही दिवस तोंड तिला घरात घेत नाही. खालची नाचते, वरची भलत्या वेळी सुटते, टाळूवर झाकण बसल्यामुळे गरम-गार कळत नाही. निम्मी माणसं चार दिवसांत वैतागतात आणि माझी तीन आठवड्यांची मेहनत पाण्याच्या पेल्यात बुडवून कपाटावर ठेवून देतात. याचा मला भयंकर संताप येतो. म्हणून मी तक्ता बनवला.

'घरी मऊ मऊ खा' असं सांगून इथे कुणी ऐकत नाही. पण अमक्या ठिकाणी जा, तमुक खा, असं म्हटलं की माणूस ते औषधासारखं पाळतो. त्यामुळे माझ्या तक्त्यात बारा पायऱ्या होत्या, अगदी पातळापासून कडकापर्यंत, आणि प्रत्येक पायरीला एक ठिकाण. पहिली पायरी, पुलाखालच्या म्हाताऱ्याचं सूप. तो ते तीन वेळा गाळतो. पुढे मी कंसात लिहिलं होतं: आधी चमचा ओठाला लावून बघा. दुसरी, शाळेमागच्या बाईंचा गुरगुट्या भात. तिसरी, मासळीबाजाराच्या तोंडाशी मिळणारा वाफवलेला मासा, कारण तिथल्या मालकाच्या हातून काटा सुटल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. चौथी, बस डेपोच्या कँटीनमधलं ऑम्लेट: दोन्ही बाजूंनी एकदम चावा. पाचवीला लोणी घातलेला बटाटा, सहावीला नूडल्स: समोरच्या दातांनी तोडू नका. सातवीला स्टेशनमागचे खिम्याचे गोळे. असं करत करत नवव्या पायरीला भाजलेली कोंबडी यायची (मांडी घ्या, छातीचे दोरे कवळीखाली जातात) आणि बाराव्या पायरीला कणीस, तेसुद्धा दाणे सुरीने उतरवून. सगळ्यांत वर एक सूचना होती: पहिले तीन घास कुणाशीही बोलू नका. बोललात तर वरची कवळी समोरच्याच्या ताटात.

ही निवड मी चवीवर केलेली नाही, हे इथेच सांगून टाकतो. मी ती बोटाने दाबून केली. दोन महिने मी गावभर हिंडलो, पदार्थ मागवला, अंगठ्याने दाबला, चमच्याच्या पाठीने चेपला आणि वहीत टिपलं. हॉटेलवाल्यांना वाटलं मी सरकारी तपासणीवाला. त्यामुळे मला सगळीकडे वाढप जरा जास्तच झालं. आणि हो, खाऊन बघितलं तेव्हा चवही झकास होती. पण तो योगायोग.

तक्त्याच्या तळाशी एक चौकट होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'टाळा'. आणि आत एकच ओळ: चौकातल्या बेकरीचा जाड सालीचा पाव. अजिबात नको.

चौकातली बेकरी माझ्या थोरल्या बहिणीची आहे.

सख्ख्या बहिणीच्या दुकानाबद्दल असं लिहितात का, असं तुम्ही म्हणाल. आधी तो पाव तरी समजून घ्या. ताई तो लाकडाच्या भट्टीत भाजते आणि वाटाण्याच्या घट्ट रश्श्याबरोबर देते. वरची साल अशी की पाव फळीवर ठेवला की ठक्क आवाज होतो. आत मात्र कापसासारखा, आणि दोन्ही मिळून तोंडात जे काही होतं ते मी आयुष्यभर खात आलोय. पण माझे दात माझे आहेत. कवळीने ती साल चावली की वरची पट्टी मधोमध तडकते. एका हिवाळ्यात तीन माणसं रुमालात दोन-दोन तुकडे घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि तिघांनीही एकच वाक्य ऐकवलं: "कवळी कच्ची निघाली." तिसरा आला त्या दिवशी मी ती ओळ लिहिली. तक्ता जाणार कवळी घालणाऱ्यांच्या खिशात. ताईचे बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत, आणि कुणी विचारलं नाही तरी ती ते मोजून दाखवते. तिच्यापर्यंत हा कागद पोचायचा प्रश्नच नव्हता.

पोचला तो हेडमास्तरांमुळे.

हेडमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सगळं गाव अजून त्यांना घाबरतं. वसंतात त्यांची वरची-खालची पूर्ण कवळी मी केली. ती त्यांना इतकी चपखल बसली की कुणालाच पत्ता लागला नाही, आणि लागू नये यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत मथळा होता, 'नवी कवळी: पहिला महिना'. सरांनी तो मथळा मागे दुमडला, वर नखाने घडी कडक केली आणि कागद पाकिटात ठेवला. एका सकाळी तो टेबलावर राहिला. त्यांच्या नातीने विचारलं, "आजोबा, ही खाण्याची यादी कुणाची?" सरांनी, ज्यांनी जन्मभर खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं केलं त्यांनी, उत्तर दिलं, "एका मोठ्या जाणकाराची आहे."

नातीने फोटो काढला आणि जगाला दाखवला. आमच्या शहरात कुठे काय खावं, याची यादी. एका मोठ्या जाणकाराची.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आपला शनिवारी सकाळी पुलाखाली सूप प्यायला गेलो, तर वर रस्त्यापर्यंत रांग. सगळी तरणीताठी पोरं-पोरी, दगड चावतील अशी. पहिल्या बाकावरच्या मुलाने चमचा उचलला, ओठाला टेकवला, डोळे मिटून थांबला. मग तीन घोट घेतले, एक शब्द न बोलता. चौथ्या घोटानंतर त्याने मैत्रिणीकडे बघितलं आणि म्हणाला, "कळला फरक?" ती म्हणाली, "थांब ना, माझा तिसरा चाललाय."

मी शेजारच्या दाढीवाल्याला विचारलं, हे काय चाललंय. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी आजच गावात उतरलोय. मग खिशातून फोन काढून माझंच अक्षर मला दाखवलं.

"आणि हे दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं म्हणजे काय?" मी विचारलं.

"जिभेच्या दोन्ही कडांना वेगवेगळ्या चवी कळतात काका," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "जुन्या लोकांना हे सगळं ठाऊक होतं."

कवळी एका बाजूला कलू नये म्हणून लिहिलं होतं हो ते. पण मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या. तीस वर्षं मी लोकांची तोंडं आतून बघतोय, माझ्याकडे कुणी बाहेरून बघितलं नव्हतं. पुढचे आठ दिवस मी हवेत होतो. डेपोच्या कँटीनने पाटी लावली, 'पायरी चौथी'. मासेवाल्याने टेबलं वाढवली. स्टेशनमागे खिम्याच्या गोळ्यांसमोर एक नवरा-बायको भांडताना मी स्वतः ऐकली. तिला गोळे खायचे होते आणि तो म्हणत होता, बटाटा झाल्याशिवाय सातवीवर जायचं नाही, हा क्रम उगाच दिलेला नाही. आणि गंमत म्हणजे चावून चावून, न बोलता, हळू खाल्ल्यावर सगळ्यांना सगळंच जास्त चवदार लागत होतं.

चौकटीची आठवण मला झाली नाही. अगदी आईशप्पथ सांगतो, झाली नाही. गावाला मात्र झाली होती. आमच्या लोकांना कुठे जावं यापेक्षा कुठे जाऊ नये हे सांगण्यात जास्त रस. 'अजिबात नको' हे दोन शब्द तर पोरांच्या तोंडी बसले होते.

नवव्या दिवशी ताई माझ्या खोलीत आली. मी मेणात दात लावत होतो. ती भट्टी सोडून या वेळी कधी येत नाही, त्यामुळे मला वाटलं कुणीतरी गेलं. हाताला पीठ तसंच होतं. तिने माझ्यासमोर प्लास्टरच्या साच्यांच्या मधे एक कागद ठेवला. फोटोवरून छापलेला, चौकट स्पष्ट दिसणारा.

"अक्षर कुणाचं आहे रे?"

मी मेणातला दात उगाच पुन्हा दाबू लागलो.

"मी विचारतेय, अक्षर कुणाचं?"

"ताई, तसं नाहीये ते. ते कवळी घालणाऱ्यांसाठी..."

"'क'ची शेपटी कोण अशी लांब काढतं? लहानपणी तुझ्या हातावर छडी मारली मी या शेपटीसाठी." तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "काल दारात दोघं उभी होती. आत आली नाहीत. कागद बघितला, हसली आणि गेली. परवा शाळेची सहल आली होती, ती पुढे गेली. मला वाटलं पावात काही बिघडलं. मी तीन दिवस पीठ बदलून बघतेय धाकट्या. तीन दिवस!"

मी तिला सगळं सांगितलं. मथळा, घडी, हेडमास्तर, तडकलेल्या पट्ट्या. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग सांग की लोकांना."

"सांगतो. आजच सांगतो."

"सांग," ती म्हणाली आणि गेली. कागद तिथेच ठेवून गेली.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ताई एकोणीसची. मला या धंद्यात तिनेच घातलं. तीन वर्षं उमेदवारी केली, त्यातला एक दिवस असा नाही की मी तिचा पाव बांधून न घेता घराबाहेर पडलो. त्यामुळे मी लगेच उठलो आणि हेडमास्तरांकडे गेलो. यादी कवळीची आहे हे जाहीर करायचं तर ती कुणाच्या पाकिटातून निघाली हेही गावाला कळणार होतं, कारण नातीने 'माझ्या आजोबांकडून' असं आधीच अभिमानाने लिहून ठेवलं होतं.

सरांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"कवळीवाले, तुमच्या पाया पडतो," ते कुजबुजले. "मी चाळीस वर्षं प्रार्थनेनंतर मुलांना एकच गोष्ट सांगितली. दात घासा. रोज, दोन वेळा. आता मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"माझ्याच केलेल्या तोंडाने सांगा," असं मला म्हणायचं होतं. पण सरांचा चेहरा बघून म्हणवलं नाही. मी शब्द दिला की सांगणार नाही. आणि खरं सांगू? शब्द देताना मला हायसं वाटलं. का वाटलं, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

दुसरा उपाय म्हणून मी नवी यादी लिहिली. त्यात पहिल्या पायरीवर ताईचा पाव, खाली दोन रेघा. ती मी गुपचूप नातीच्या हातात दिली. तिने फोटो काढला, पण संध्याकाळी स्वतःच माझ्याकडे आली. बिचारीचं तोंड उतरलं होतं.

"काका, लोक म्हणतायत ही यादी खोटी आहे. आठ दिवसांपूर्वी 'अजिबात नको' आणि आज पहिला नंबर कसा? म्हणतायत, बेकरीवाल्या बाईंनी जाणकाराला फितवलं."

म्हणजे आधी पाव वाईट होता, आता ताईसुद्धा वाईट झाली. मी डोक्याला हात लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेकरीत गेलो. या वेळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. टेबलं रिकामी होती. फळीवर पाव ओळीने उभे होते, सगळेच्या सगळे. ताई भट्टीसमोर बसली होती आणि लाकूड आत सरकवत नव्हती, हातात धरून बसली होती.

"या रविवारी भट्टी थंड करणार आहे मी," ती म्हणाली. "माझ्याच्याने फुकट जाणारा पाव बघवत नाही. पक्ष्यांना घालते, तर तेसुद्धा पाण्यात बुडवून खातात."

मी हसलो नाही. ती हसली, आणि मग तिचे डोळे भरले. मी ताईला रडताना कधी बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

"ताई, मी काय काय केलं तुला सांगू? नवी यादी लिहिली, सरांकडे गेलो..."

"एक सांग मला," ती मधेच म्हणाली. "तुझी कवळी माझ्या पावाने मोडली. बरोबर?"

"बरोबर."

"मग 'पाव टाळा' असं लिहिलंस. 'माझी कवळी टाळा' असं का नाही लिहिलंस?"

मी तोंड उघडलं. एकतीस वर्षं मी लोकांना तोंड उघडायला सांगत आलो, आणि त्या क्षणी माझं उघडलेलं तोंड मिटेना. कारण उत्तर मला माहीत होतं. सरांना दिलेला शब्द, कागदावरची घडी, ही सगळी लपायची जागा होती. तीन माणसांनी 'कवळी कच्ची निघाली' म्हटलं ते मला झोंबलं होतं. झोंबलं, कारण खरं होतं. मी नवीन पट्टी जाड करून बघितली नाही, आत तारेची जाळी घालून बघितली नाही, काहीच करून बघितलं नाही. सोपं काय होतं, तर सगळा दोष पावावर ढकलणं. आणि पाव काही बोलणार नव्हता.

मी घरी आलो, दाराबाहेरची पाटी उतरवली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रंगाने लिहिलं:

'बारा पायऱ्यांची यादी मी लिहिली. ती नव्या कवळ्यांसाठी आहे. माझ्या कवळीला चौकातल्या बेकरीचा पाव झेपत नाही. दोष कवळीचा आहे, पावाचा नाही.'

पाटी टांगायच्या आधी मी सरांना सांगून आलो. तुमचं नाव घेणार नाही, पण गाव दुधखुळं नाही, एवढंच म्हणालो. मग हाच मजकूर मी कागदांवर उतरवला आणि बाराही ठिकाणी स्वतः जाऊन डकवला. पुलाखाली डकवत असताना तो दाढीवाला सूप पीत होता. त्याने वाचलं, चमचा ओठाजवळ तसाच राहिला.

"म्हणजे गेले दहा दिवस," तो हळूच म्हणाला, "मी म्हाताऱ्यांचं पथ्य पाळतोय?"

"दात आलेत ना सगळे?" मी विचारलं.

"अक्कलदाढसुद्धा!"

"मग दाबून खा कुठेही."

गाव दोन दिवस पोट धरधरून हसलं. माझ्यावर हसलं, तसं स्वतःवरही हसलं. धडधाकट माणसांनी कणसाचे दाणे सुरीने उतरवून खाल्ले होते, त्याची चेष्टा घराघरात झाली. आणि मग जे झालं ते माझ्या स्वप्नातही आलं नसतं. जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागला. अमक्याने यादी इतकी मनापासून पाळली, म्हणजे त्याची कवळी तर नाही? तमकी तीन घास बोलत नव्हती, का बरं? आपले दात आपलेच आहेत हे चारचौघांत सिद्ध करायचा गावात एकच मार्ग होता. चौकातल्या बेकरीत जायचं, पाव दोन्ही हातांत धरायचा आणि समोरच्या दातांनी कडकन तोडायचा.

लोक तोडू लागले. आवाज रस्त्यापलीकडे ऐकू यायचा. नवरे बायकांना दाखवायचे, बायका सासवांना दाखवायच्या. दाढीवाला रोज येऊन खिडकीजवळ बसायचा आणि शक्य तितका मोठा आवाज करायचा. पहिल्या दिवशी आले ते दात दाखवायला आले होते. दुसऱ्या दिवशी आले ते पावासाठी आले. शनिवारी दहा वाजायच्या आत ताईची फळी रिकामी झाली, आणि रविवारी भट्टी थंड करायचं कुणाला सुचलंही नाही.

त्याच शनिवारी हेडमास्तर बेकरीत आले. हे मला नातीने सांगितलं. सगळी टेबलं त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी भरलेली. सर उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, एक पाव. बारीक तुकडे करून, आणि रश्श्यात बुडवून द्या." कुणीतरी धीर करून विचारलं, "सर, तुमचीसुद्धा?"

"हो," सर म्हणाले. "दात घासा."

सगळं छान झालं असं तुम्हाला वाटत असेल. तसं झालं नाही. 'दोष कवळीचा आहे' अशी पाटी ज्याच्या दारावर आहे, त्याच्याकडे कवळी करायला कोण जाईल? चार जणांनी माप दिलेलं होतं, ते परत फिरले. एक बाई पाटी वाचून म्हणाल्या, "प्रामाणिक आहात हो," आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्याकडे गेल्या. दिवसभर मी जुने साचे घासत बसायचो. पॉलिशचं चाक उगाच फिरवायचो. पाटी काढावी असं रोज एकदा मनात यायचं, पण काढली नाही. ताई मात्र आली नाही. मीही बेकरीत गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो?

गुरुवारी सकाळी दार वाजलं नाही, पण बाहेर कुणीतरी उभं आहे असं वाटलं. बघतो तर ताई. बगलेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ती पाटी वाचत होती. हळूहळू, एकेक शब्द. वाचून झालं तरी ती हलेना.

"आत ये ना," मी म्हणालो.

"ब्रश दे."

"काय?"

"रंगाचा ब्रश दे. आहे ना?"

मी आणून दिला. वाटलं, पुसून टाकणार. तिने फडकं माझ्या हातात दिलं, चष्मा नाकावर सरकवला आणि 'झेपत नाही' या शब्दांच्या डोक्यावर, जेमतेम जागा होती तिथे, एक शब्द घातला. मी पायरी उतरून समोर गेलो आणि वाचलं. माझ्या कवळीला चौकातल्या बेकरीचा पाव अजून झेपत नाही.

मी फडकं हातात धरून ती ओळ पुन्हा वाचली.

"बघत काय बसलास?" ताई म्हणाली. "चाचणीला पाव आणलाय, ताजा आहे. लाग कामाला."